वर्तनी, जकात आणि टोल

खानदेशांतील रस्त्यांची चौफुली कोणती, असा प्रश्न भूगोलाच्या तासाला विचारला तर पूर्वींचा विद्यार्थी ‘धुळें’ असें उत्तर देत असे, आणि तें उत्तर आजहि बरोबरच आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना राजमार्ग मालेगांव मागें टाकून लळिंगच्या किल्ल्याखालून धुळ्यास उतरतो आणि पुढें सोनगीर, शिरपूर, पळासनेर करीत सातपुड्याच्या अंगानें माळव्यांत शिरतो. सुरतेहून नवापूर व साक्री यांवरून आलेला रस्ता धुळ्यास मिळून पारोळें, एरंडोल, जळगांव, भुसावळ असा नागपुराकडे जातो. तिसरा सोलापुराकडून येतो व कन्नडचा घाट उतरून चाळीसगांवावरून धुळ्यास पोंचतो. सरकारनें २०१० सालीं या सर्व रस्त्यांचे आंकडे बदलले. परंतु लोकांच्या तोंडीं अजून ‘आग्रा रोड’ व ‘सहा नंबर’ हीं जुनींच नांवें आहेत, आणि तींच या लेखांत वापरलीं तरी वाचकांची गैरसोय होणार नाहीं.

या रस्त्यांवर लळिंग, सोनगीर, शिरपूर, सबगव्हाण, नशिराबाद अशीं नाक्यांचीं ठिकाणें ओळीनें सांगतां येतात. गाडी क्षणभर थांबते, कांचेवर चिकटविलेली पट्टी यंत्र वाचतें, दांडा वर जातो व पैसे आपल्या खात्यांतून निघून जातात. इतक्या लवकर व इतक्या निमूटपणें जाणारा पैसा गृहस्थाच्या संसारांत दुसरा नसेल. पैसे गेले हें भ्रमणध्वनीवरच्या संदेशानें कळतें; परंतु ते कोणाकडे गेले, कोणत्या कायद्यानें गेले आणि किती वर्षें जावयाचे आहेत, या तीन प्रश्नांचीं उत्तरें गाडींत बसलेल्या दहा सुशिक्षितांपैकीं एकालाहि देतां येतील असें वाटत नाहीं. ज्यांच्या दारीं मोटार नाहीं त्यांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पण भाजी, धान्य, केळीं, गॅसची टाकी, मुलांचीं पाठ्यपुस्तकें हीं सर्व याच दांड्याखालून आपल्या घरीं येतात. म्हणून हा विषय स्वयंपाकघराचाहि आहे.

वाटेबद्दल पैसा घेणें ही कल्पना इंग्रजांनीं आणली असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे, त्यांत ‘वर्तनी’ या नांवाचा कर स्पष्ट सांगितला आहे. वर्तनी म्हणजे वाट, आणि वाटेचा पैसाहि. मालानें भरलेल्या गाडीस सव्वा पण, घोड्यासारख्या एकखुरी जनावरास एक पण, गुरांस अर्धा, शेळ्यामेंढ्यांसारख्या लहान जनावरांस पाव, आणि खांद्यावर ओझें वाहणाऱ्या माणसास एक माष, असे दर ठरविले आहेत. हा कर सीमेवरचा अंतपाल घेई. येथपर्यंत आजच्या नाक्यावरील दरपत्रकाहून त्यांत फारसें वेगळें नाहीं. परंतु लगेच पुढें कौटिल्यानें आणखी एक अट घातली आहे, आणि माझ्या मतें सगळ्या प्रकरणाचें मर्म तींतच आहे. वाटेंत व्यापाऱ्याचें जें हरवेल किंवा चोरीस जाईल त्याची भरपाई त्या अंतपालानें करून द्यावयाची. म्हणजे पैसा घेणारा तोच जबाबदार.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नदीच्या उताराचे दर आहेत. रिकाम्या गाडीस एक पण, ओझेंवाल्या पुरुषास अर्धा, पशु व स्त्री यांस पाव, आणि रिकाम्या हातानें जाणाऱ्या पुरुषास त्याच्याहि निम्मा. भरलेल्या गाडीचें मोल मालाच्या किंमतीप्रमाणें. गर्भिणी, संन्यासी, मुनि व आश्रमचिन्हें धारण करणारे ब्राह्मण यांस उतार माफ आहे. (आमच्या कांहीं वाचकांनीं या वचनाचा आधार लळिंगच्या नाक्यावर घेऊं नये, तेथें चालणार नाहीं!) आणि येथेंहि तीच अट आहे कीं, नावाड्यांच्या चुकीनें प्रवाशांचें कांहीं नुकसान झालें तर तें नावाड्यांनीं आपसांत वर्गणी करून भरून द्यावें. दैवी आपत्तीबद्दल मात्र त्यांस दंड नाहीं. करार लिहिणाऱ्या आजच्या विधिज्ञांचें ‘दैवी आपत्ती’चें कलम पानेंच्या पानें चालतें, मनूनें तें एका श्लोकांत आटोपलें आहे.

माफीची यादी समाजाचा आरसा असते. त्या काळीं गर्भिणी व संन्यासी होते. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क-नियमांत राष्ट्रपतींपासून मंत्री, न्यायाधीश, खासदार आणि आपापल्या राज्यापुरते आमदार यांची नांवें आहेत. परमवीरचक्रासारख्या पदकांचे मानकरी, रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी व शववाहिका याहि त्यांत आहेत, व त्याबद्दल कोणाची तक्रार असणार नाहीं. ज्यांनीं टोलाचा कायदा करावयाचा त्यांनाच टोल द्यावा लागत नाहीं, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे.

मराठेशाहींत वाटेच्या पैशास जकात म्हणत, आणि तिचे थळमोड, थळभरीत असे पोटभेद होते. जकात सरकारी कमाविसदारानें गोळा करावी, हा एक मार्ग. एकरकमी पैसा घेऊन ती मक्त्यानें द्यावी, हा दुसरा. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं या मक्तेदारीचा अतिरेक झाला. मुलुखाचा वसूल जास्तींत जास्त बोली बोलणाराच्या पदरांत टाकावयाचा, आणि मक्त्याची मुदत थोडी असल्यामुळें त्यानें रयतेस पिळून काढावयाचें, असें तें चक्र होतें. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखासंबंधीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत या पद्धतीवर कडक टीका आहे. टीका करणाऱ्या इंग्रजांनीं पुढें काय केलें तेंहि पाहण्यासारखें आहे. १८३८ सालीं मुंबई इलाख्यांतील मार्गावरची जकात त्यांनीं काढून टाकली, हें खरेंच चांगलें झालें. पण १८५१ च्या हिंदुस्थानच्या टोल कायद्यानें रस्त्यांवर व पुलांवर टोल बसविण्याचा अधिकार सरकारनें घेतला, आणि वसुलीचें काम सरकारला योग्य वाटेल त्या माणसाच्या हातीं देण्याची मुभाहि ठेवली. मुंबई इलाख्यासाठीं वेगळा कायदा १८७५ सालीं झाला. मक्तेदार गेला नाहीं; त्याला नवा अंगरखा मिळाला एवढेंच.

त्या १८५१ च्या कायद्यांतील एक कलम मात्र आवर्जून सांगितलें पाहिजे. प्रत्येक नाक्यापाशीं ठळक जागीं दरांचा तक्ता लावावा, तो इंग्रजींत व त्या जिल्ह्याच्या देशी भाषेंत असावा, आणि टोल न देणाऱ्यास काय दंड तेवढेंच नव्हे, तर बेकायदा टोल घेणाऱ्यास काय दंड तेंहि त्याच तक्त्यावर लिहावें, असें त्यांत होतें. परक्या सरकारनें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं लिहिलेलें हें कलम आहे. आजच्या नाक्यांवरचे फलक वाचक पुढच्या प्रवासांत नीट वाचून पाहतील तर त्यांस तुलना करतां येईल. फक्त गाडीचा वेग तेवढा वेळ देत नाहीं.

खासगी भांडवलानें सार्वजनिक मार्ग बांधण्याचा मोठा प्रयोग खानदेशानें रस्त्याच्या आधीं रेल्वेंत पाहिला. जी. आय. पी. रेल्वे कंपनीशीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८४९ सालीं करार केला. जमीन सरकारनें फुकट द्यावयाची, भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें घ्यावयाची, आणि उत्पन्न कमी पडलें तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरावयाची. चाळीसगांव, जळगांव, भुसावळ हा मार्ग याच हमीच्या पद्धतीचा. रेल्वे झाली, कापूस बैलगाडीऐवजीं वाघिणींतून मुंबईस जाऊं लागला, भुसावळ गांवाचें शहर झालें. हें सर्व मान्य. पण हमी असल्यामुळें खर्च आंवरण्याची कंपनीस गरज उरली नाहीं. हिंदुस्थान सरकारचे एक माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना हें उघडच कबूल केलें कीं, पांच टक्के मिळताहेत तोंवर आपला पैसा विटांत गेला कीं नदींत गेला याची भागीदारांस पर्वा नव्हती. सरकारनें ती रेल्वे १९०० सालीं विकत घेतली, म्हणजे रयतेनें आधीं व्याज दिलें व मागाहून मुद्दल. आजच्या महामार्गांचे करार वाचतांना ही जुनी गोष्ट पुन्हां पुन्हां आठवते.

आतां हल्लींच्या कायद्याकडे वळूं. आपल्या राज्यघटनेंत टोल हा विषय राज्यसूचीच्या ५९ व्या नोंदींत आहे, आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्रसूचीच्या २३ व्या नोंदींत. म्हणून एकाच गांवाजवळच्या दोन नाक्यांवर दोन वेगळीं सरकारें, दोन वेगळे कायदे लागूं असूं शकतात. राष्ट्रीय महामार्गांचा कायदा १९५६ चा. त्यांत १९९५ सालीं ८-अ हें कलम घालून रस्ता बांधण्यासाठीं व चालविण्यासाठीं खासगी व्यक्तीशीं करार करण्याचा व तिला शुल्क गोळा करूं देण्याचा अधिकार केंद्रानें घेतला. राज्याच्या रस्त्यांचें मात्र नवल आहे. महाराष्ट्रांत टोलाच्या अधिसूचना निघत आल्या त्या १९५८ च्या मोटार वाहन कराच्या कायद्यांतील २० व्या कलमाखालीं. म्हणजे वाहनावर एक ठोक कर बसविण्यासाठीं जो कायदा केला त्याच्याच पोटांत रस्त्यागणिक पैसे घेण्याचें कलम वाढविलें. गाडीवाला वाहनकर भरतो, इंधनाच्या प्रत्येक लिटरमागें केंद्राचा रस्ते-उपकर भरतो, आणि वर टोल भरतो. मग ‘रस्त्याचा पैसा मीं किती वेळां द्यावयाचा?’ असें त्यानें विचारलें तर त्यास अडाणी म्हणतां येणार नाहीं.

शेजारच्या गुजराथेनें १९९९ सालींच पायाभूत सोयींच्या खासगी भागीदारीसाठीं स्वतंत्र कायदा केला. प्रकल्प कसा निवडावा, निविदा केव्हां मागवाव्या, सवलतीचा करार कसा असावा, हें एका ठिकाणीं बांधलें. नवापूरची सीमा ओलांडली कीं रस्ता तोच पण कायद्याचें घर वेगळें. आपल्याकडे राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ सालीं स्थापन झालें, मुंबई-पुणें द्रुतगति मार्गासारखें नांव घेण्याजोगें काम त्यानें केलें, आणि २००४ सालीं त्या मार्गाची टोलवसुली १५ वर्षांसाठीं ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन एका कंपनीच्या स्वाधीन केली. रकमा मोठ्या, मुदती लांब, परंतु विधिमंडळासमोर येतें तें बहुधा दरांची अधिसूचना. करार येत नाहीं. ज्या कागदानें पुढच्या एका पिढीचा पैसा बांधला जातो तो कागद लोकप्रतिनिधींच्या मेजावर ठेवण्याची सक्ती असावी, हें मागणें कांहीं क्रांतिकारक नव्हे.

खानदेशांतल्याच दोन नाक्यांकडे पाहिलें म्हणजे करारांतला भेद चांगला समजतो. पिंपळगांव ते धुळें हा आग्रा रोडचा सुमारें ११८ किलोमीटरचा भाग ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीनें २००५-०६ च्या सुमारास २० वर्षांच्या मुदतीनें दिला गेला. चांदवड व लळिंग हे त्याचे नाके. या पद्धतींत कंपनी कर्ज काढून रस्ता करते आणि वाहनांकडून येणारा पैसा तिचा. गाड्या कमी आल्या तर तोटा तिचा, जास्त आल्या तर नफा तिचा. धुळ्याच्या उत्तरेस पळासनेरपर्यंतचा सुमारें ८९ किलोमीटरचा भागहि याच जातीचा. जळगांवाकडील सहा नंबरची कथा निराळी आहे. हा रस्ता चौपदरी करण्याचें पहिल्यानें ठरलें तेव्हां खासगी भांडवलानें तो उभा राहिला नाहीं. जमिनी हातीं येईनात, आणि वर्षें गेलीं. पुढें त्याचे तुकडे पाडून चिखली ते तरसोद, तरसोद ते फागणें अशीं कामें केंद्रानें २०१६ सालीं मान्य केलेल्या मिश्र वार्षिकीच्या पद्धतीनें दिलीं. या पद्धतींत बांधकामाच्या काळांत शेंकडा ४० रक्कम सरकार देतें. उरलेले ६० कंपनी उभे करते व सरकार तिला ते १५ वर्षें सहामाही हप्त्यांनीं व्याजासह परत करतें. टोल सरकारच गोळा करतें. म्हणून लळिंगला दांडा वर गेला तेव्हां पैसा कंपनीच्या हिशेबांत गेला, आणि नशिराबादला तो सरकारच्या. प्रवाशास दोन्ही पावत्या सारख्याच दिसतात. परंतु पहिल्या ठिकाणीं ‘खर्च कधींच वसूल झाला, आतां टोल कशाला?’ हा प्रश्न कंपनीस विचारावयाचा, आणि दुसऱ्या ठिकाणीं तो सरकारला विचारावयाचा. तेथें ‘ठेकेदार लुटतो’ ही आरोळी मुळांतच चुकीची आहे.

दर कसे ठरतात तेंहि थोडें पाहूं. २००८ च्या नियमांत चौपदरी रस्त्यासाठीं २००७-०८ सालचा पायाभूत दर दर किलोमीटरला मोटारीस ६५ पैसे, हलक्या मालगाडीस १ रुपया ५ पैसे, आणि बस व ट्रक यांस २ रुपये २० पैसे असा धरला. त्यांत दरवर्षीं ठराविक ३ टक्के आणि शिवाय घाऊक किंमतींच्या वाढीचा शेंकडा ४० भाग मिळविला जातो. म्हणजे महागाई शून्य झाली तरी टोल वाढावयाचाच. ट्रक मोटारीच्या सुमारें साडेतीनपट देतो, हें ऐकून ट्रकवाल्याबद्दल सहानुभूति वाटेल; पण अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या रस्ता-परीक्षेंतून असें निघालें कीं आंसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानि दुप्पट न होतां जवळजवळ सोळापट होते. त्या हिशेबानें भरलेला ट्रक फारच थोडें देतो आणि लहान मोटार त्याचें ओझें वाहते. मात्र हा हिशेब येथेंच थांबवितां येत नाहीं. ट्रकचा टोल ट्रकवाला आपल्या खिशांतून देत नाहीं. तो भाड्यांत मिळवितो. रावेर, यावल, चोपडें या तालुक्यांतलीं केळीं उत्तरेकडे जातात. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकाचा मानहि मिळाला, तरी केळीं हा नाशवंत माल आहे. घड कापला कीं चार दिवस थांबतां येत नाहीं. दिल्लीच्या बाजारांत जो भाव मिळेल त्यांतून भाडें वजा करून उरेल तो शेतकऱ्याचा. तेव्हां सातपुड्यापलीकडच्या प्रत्येक नाक्याचा पैसा अखेर तापीकांठच्या केळीच्या बागेंतून निघतो, आणि त्या बागेच्या मालकास पावतीहि मिळत नाहीं. उलट बाजूनें पाहिलें तर चांगल्या रस्त्यानें ट्रक एक दिवस आधीं पोंचला तर माल कमी नासतो व भाव अधिक मिळतो. टोल वाईट कीं चांगला, हा प्रश्न म्हणूनच असा मोघम विचारण्यांत अर्थ नाहीं. त्या पैशांत तो दिवस खरोखर वांचला कीं नाहीं, हें विचारावें.

महाराष्ट्रांत टोलावर लोक चिडले त्यांत कोल्हापूरचें आंदोलन ठळक आहे. शहरांतल्याच रस्त्यांचें सुमारें २२० कोटींचें काम, आणि त्यासाठीं शहराच्या वेशींवर ३० वर्षें टोल! घरून मंडईंत जाण्यास टोल द्यावा लागणार हें कळल्यावर शहर उठलें. प्रा. एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांसारखीं वृद्ध माणसें रस्त्यावर आलीं, आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्यें सरकारला तो टोल रद्द करावा लागला. त्याच वर्षीं १ जूनपासून राज्यांतले १२ नाके सरकारनें पूर्ण बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, जीप व एस. टी. यांस माफी दिली. लोकांनीं पेढे वांटले. पण नाका बंद झाला म्हणून करार बंद होत नाहीं. कंपनीचें देणें राहतें, तें तिजोरींतून भरावें लागतें, आणि तिजोरी म्हणजे आपणच. ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या पांच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांस टोल माफ झाला, तोहि असाच. वाशीचा नाका आयुष्यांत न पाहिलेला अमळनेरचा विणकर किंवा धडगांवचा आदिवासी शेतकरी साखर, साबण व कापड यांवरच्या करांतून आतां त्या माफीचा वांटा उचलतो. ज्यानें रस्ता वापरला त्यानें द्यावें, हें टोलाचें मूळ तत्त्व. माफीनें तें तत्त्वच उलटें झालें. मुंबईकर बंधूंस हें म्हणणें रुचणार नाहीं, पण खानदेशांतून तें असेंच दिसतें.

मग टोल कितीहि काळ चालूं द्यावयाचा काय? तसेंहि नव्हे, आणि येथें न्यायालयांनीं कांहीं स्पष्ट रेघा ओढल्या आहेत. दिल्लीहून नोएडास जाणाऱ्या उड्डाणमार्गाच्या १९९७ च्या करारांत कंपनीस एकूण खर्चावर दरसाल २० टक्के परतावा मिळालाच पाहिजे असें सूत्र होतें. एखाद्या वर्षीं तो मिळाला नाहीं तर तूट मूळ खर्चांत मिळवावयाची. हें चक्रवाढ व्याजाचें उदाहरण इयत्ता आठवीच्या मुलानेंहि सोडवून दाखविलें असतें: टोल जितका अधिक काळ घ्यावा तितकें येणें वाढतच जातें आणि वसुली कधींच संपत नाहीं. अलाहाबाद उच्च न्यायालयानें २०१६ सालीं ती वसुली थांबविली, व सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निकाल कायम केला. दुसरी गोष्ट केरळांतली. पालियेक्करा येथील नाक्याचा रस्ता कामांमुळें इतका बिघडला व अडला कीं केरळ उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें टोलच थांबविला. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, तेथेंहि त्यास दाद मिळाली नाहीं. खड्ड्यांतून जाण्यासाठीं लोकांनीं पैसे कां द्यावे, हा न्यायालयाचा रोख होता. पुढें रस्ता सुधारल्यावर ऑक्टोबरांत वसुली पुन्हां सुरूं झाली. अंतपालानें भरपाई द्यावी हें कौटिल्याचें म्हणणें न्यायाधीशांनीं वाचलें होतें किंवा नाहीं तें सांगतां येत नाहीं, पण न्याय तोच.

मात्र प्रत्येक खड्ड्यासाठीं उच्च न्यायालयांत जाणें हें सामान्य माणसाचें काम नव्हे. म्हणून रस्त्याची स्थिति व टोलाचा दर यांचा संबंध कायद्यांतच बांधला पाहिजे: रस्ता ठरल्या प्रतीचा नसेल तितके दिवस दर आपोआप उतरावा. दरमहा किती वाहनें गेलीं व किती रक्कम जमली तें नाक्यावर मराठींत लिहावें. पूर्वीं रोखीचा व्यवहार होता, तेव्हां हिशेब लपविण्यास जागा होती. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर प्रत्येक गाडीची नोंद यंत्रांतच होते, आणि ती लोकांपुढें ठेवण्यास एक पैसाहि जास्त खर्च नाहीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें पट्टी नसलेल्यानें रोख दिल्यास दुप्पट व यू. पी. आय. नें दिल्यास सव्वापट असा नियम झाला. नागरिकाकडून इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा ठेवणाऱ्या सरकारनें आपलाहि हिशेब तितकाच काटेकोर दाखवावा.

जातां जातां घरगुती उपयोगाचें थोडें सांगून टाकतों. नाक्यापासून २० किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्यास खासगी मोटारीसाठीं सवलतीचा मासिक पास मिळतो; राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पासहि निघाला आहे; निघाला तेव्हां त्याची किंमत ३,००० रुपये होती. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकीं जें आधीं संपेल तोंवर चालतो. नोकरीसाठीं रोज भुसावळ-जळगांव करणाऱ्यांनीं दोहोंचा हिशेब करून पाहावा. मात्र वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांपुरता आहे. पुण्यास जातांना द्रुतगति मार्गावर तो दाखवून उपयोग नाहीं, कारण तो मार्ग राज्याच्या महामंडळाचा आहे. घटनेच्या दोन सूचींतला भेद गृहस्थाच्या खिशाला असा जाणवतो.

जळगांवकरांची एक खरी वेदना या सर्व कायद्यांच्या बाहेर राहिली आहे. सहा नंबर शहराच्या मधून गेला. त्याच्या दोहों अंगांस वस्त्या वाढल्या, शाळा व महाविद्यालयें झालीं. दूरदेशींचे ट्रक आणि सायकलीवरचीं मुलें एकाच डांबरावर आलीं, आणि माणसें मेलीं. समांतर रस्ते करा, म्हणजे गांवच्या लोकांस महामार्गावर चढावेंच लागणार नाहीं, या मागणीसाठीं नागरिकांनीं वर्षानुवर्षें निवेदनें दिलीं, उपोषणें केलीं. तरसोदहून पाळधीकडे शहराबाहेरून वळणमार्ग काढण्याची योजना चौपदरीकरणांत आली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. वळणमार्गावर टोलाचें उत्पन्न आहे, म्हणून त्याला करार आहे, मुदत आहे, दंडाचें कलम आहे. शहरांतल्या जुन्या रस्त्यावर उत्पन्न नाहीं, म्हणून त्याचा वाली कोण हा वाद महापालिका, राज्य आणि केंद्र यांच्यामध्यें फिरतो. खासगी भांडवल जेथें पैसा परत येतो तेथेंच जातें, हा त्याचा दोष नव्हे, धर्म आहे. मुलें ज्या रस्त्यानें शाळेंत जातात तो रस्ता म्हणूनच सरकारनें आपल्याकडे ठेवावयाचा असतो.

आणि लळिंगचें काय? वीस वर्षांची मुदत मोजीत गेलें तर ती याच दशकांत भरते. मुदत भरली कीं नाका उठेल, असें पुष्कळ लोक समजून आहेत. नियम तसें म्हणत नाहींत. २००८ च्या मूळ नियमांत खर्च वसूल झाल्यावर किंवा मुदत संपल्यावर दर शेंकडा ४० वर उतरावा असें होतें. २०२३ च्या दुरुस्तीनें ती उतरणहि गेली. रस्ता केंद्राकडे परत येतो, टोल चालूं राहतो, आणि पुढें वाटल्यास असे अनेक तयार रस्ते एकत्र बांधून त्यांची वसुली ३० वर्षांसाठीं नव्या धन्यास एकरकमी विकतां येते. आंध्र व गुजराथेंतील नऊ रस्त्यांचा अशा रीतीनें पहिला व्यवहार २०१८ सालीं ९,६८१ कोटी रुपयांस झाला, व घेणारी कंपनी ऑस्ट्रेलियाची होती. लळिंगच्या किल्ल्याखालीं पूर्वीं फारुकी राजांचा अंमल होता, मग मोंगलांचा, मराठ्यांचा, इंग्रजांचा झाला. वाट मात्र तीच राहिली.